बिनकव्हराच्या पुस्तकातली चौथी गोष्ट

आमच्या घरात देव नव्हते, त्यामुळं भुतंही नव्हती. वडिलांनी धम्माची दीक्षा घेतली तेव्हा देव्हाऱ्यातले टाक भीमेत सोडले आणि रिकाम्या कोनाड्यात पुस्तकं मांडली. आम्ही त्यांना दादा म्हणायचो. दादा दौंडला रेल्वेत गँगमन होते. आमचं गाव नदीच्या अलीकडं, शिरूर तालुक्यात. शनिवारी संध्याकाळी ते पल्याडून होडीत बसून यायचे, हातात बेकरीच्या पावाची पुडी आणि बगलेत एखादं पुस्तक. पाव आम्हा भावंडांचा, पुस्तक वस्तीचं. सातवी शिकलेल्या या माणसानं वस्तीत वाचनालय काढलं होतं. वाचनालय म्हणजे तो कोनाडा, एक पत्र्याची पेटी आणि एक जाडजूड वही. वहीच्या पहिल्या पानावर त्यांच्या वळणदार अक्षरात एकच नियम लिहिलेला होता : अभिप्राय दिल्याशिवाय पुढचं पुस्तक मिळणार नाही. "नुसतं वाचून काय होतं? वाचलेल्यावर आपल्याला काय वाटलं ते सांगता आलं पाहिजे. आपल्या माणसांना कुणी कधी विचारलंच नाही, तुम्हाला काय वाटतं म्हणून," असं ते म्हणायचे. ज्यांना लिहिता येत नसे त्यांचा अभिप्राय मी लिहून घ्यायचा, त्यांच्याच शब्दांत, एकही शब्द इकडचा तिकडं न करता. हे त्यांनी मला बजावून सांगितलं होतं.

मॅट्रिकची परीक्षा देऊन मी मोकळा होतो तो उन्हाळा. दुपारी एका बागायतदाराच्या वखारीत वस्तीतल्या बायका कांदा काटायला, म्हणजे वाळलेली पात नि मुळं कापायला, बसायच्या आणि मी पोत्यावर बसून त्यांना पुस्तक वाचून दाखवायचो. ही दादांचीच कल्पना. मुकादमाची हरकत नव्हती, कारण गोष्ट चालू असली की बायका पाणी प्यायलासुद्धा उठत नसत. पत्र्याखाली भट्टीसारखं तापायचं. विळ्यांचा कचकच आवाज, सालींचा सरसर आवाज, मधेच कुणाच्या बांगड्या. कांद्यानं सगळ्यांचेच डोळे वाहायचे, त्यामुळं गोष्ट ऐकून कोण रडतंय ते कळायचं नाही. सुटी झाली की बायका घरी जाता जाता आमच्या ओट्यावर टेकायच्या आणि मी वही उघडून एकेकीचा अभिप्राय लिहायचो. आई कोरा चहा करायची. माझी थोरली बहीण सुमनताई पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली होती. ती उंबऱ्याच्या आत पाय पसरून शेंगा फोडत आमचं ऐकत बसायची.

त्या उन्हाळ्यात दादांना गाडीच्या डब्यात कुणीतरी विसरलेलं एक पुस्तक सापडलं. त्याला कव्हर नव्हतं, पहिली पानं नव्हती, लेखकाचा पत्ता नव्हता. भुतांच्या अकरा गोष्टी होत्या. दादांनी दोन दिवस विचार केला आणि पुस्तक कोनाड्यात ठेवलं. पहिला अभिप्राय त्यांनीच लिहिला : "भाषा शुद्ध आहे. मजकूर खोटा आहे. वाचून हसावे." वस्तीतला गणपत कंडक्टर एसटीत बसून एका दिवसात ते वाचून आला आणि त्यानं लिहिलं, "सर्व भुते बंगल्यात राहणारी आहेत. आपल्याकडे बंगला नाही. तरी घाबरण्याचे कारण नाही." वखारीत मी पहिल्या तीन गोष्टी वाचल्या. समुद्रकाठचं घर, थंड हवेचं ठिकाण, पियानो. बायका जांभया द्यायला लागल्या. सगळ्यांत म्हाताऱ्या पारूआक्काचा अभिप्राय वहीत असा आहे : "भूत बरं व्हतं, पर त्ये खातं काय त्ये न्हाई सांगितलं."

वखारीत अनसामावशीही असायची. ती आमच्या वस्तीची सुईण. स्वतःची चार लेकरं गेलेली, नवरा गेलेला, एकटीच राहायची. कमरेला हिरव्या चिंधीत एरंडेल तेलाची पितळी डबी बांधलेली असे, कारण बोलावणं कधीही यायचं. गावातल्या निम्म्या पोरांची नाळ तिनं कापली होती, आणि हे ती कुणाला विसरू द्यायची नाही. तिसरी गोष्ट मी फार रंगवून वाचत होतो, आवाज खोल नेत होतो, तेवढ्यात ती नाकातून हसली. "बापू, तुजं भूत लय शिकल्यालं हाय रं. पेनशनीत निघाल्यावानी बोलतंय. आपल्या हितं एक दीस टिकायचं न्हाई."

बायकांनी विळे खाली ठेवले आणि पदर तोंडाला लावून हसल्या.

"जल्मताना पायानं आला ह्यो," तिनं पुढं चालू ठेवलं, "ह्येच्या आईला इचारा. सगळी पोरं डोक्यानं येत्यात, ह्ये पायानं. दोन तास घाम काढला माजा. तवाच म्हणलं, ह्यो मोठा हुईल तवा सगळं उलटंच वाचील."

त्यात वाईट काहीच नव्हतं. माझी नाळ कापणाऱ्या बाईनं केलेली थट्टा होती. पण मी सतरा वर्षांचा होतो, मॅट्रिकला बसलेला वस्तीतला पहिला मुलगा होतो, आणि बायका माझ्या उघड्या पायांकडं बघून हसत होत्या. त्या दुपारी मी घरी आलो ते कान तापवूनच.

दुसऱ्या दिवशी मी चौथी गोष्ट वाचली. पुस्तकातली चौथी गोष्ट धुक्यात हरवलेल्या एका बोटीची होती. मी बोट काढून टाकली. डोळे पानावर ठेवले, हाताचं बोट ओळीवरून फिरवत राहिलो आणि मनातलं बोललो. नदीकाठचं एक गाव. गावात एक सुईण. तिची स्वतःची लेकरं जगत नाहीत. मग ती दुसऱ्यांची लेकरं सोडवायला जाते. "ती लेकराला काही करत नाही. ती फक्त त्याचं पहिलं रडणं ओटीत घेते आणि गाठ मारते. ज्याचं रडणं तिनं नेलं ते लेकरू वर्ष काढत नाही." नाव मी घेतलं नाही. फक्त गाठ मारायला तिच्या कमरेला हिरवी चिंधी दिली. नाव घेतलं नाही, हे मी पुढं कितीतरी वर्षं स्वतःला सांगत राहिलो.

त्या दिवशी अनसामावशी मांडवगणला भावाकडं गेलेली होती. मला ते ठाऊक होतं.

विळ्यांचा आवाज थांबला होता. असा थांबलेला मी आधी कधी ऐकला नव्हता. पारूआक्का हळूच म्हणाली, "पुन्यांदा वाच." मी पुन्हा वाचलं, म्हणजे पुन्हा बनवलं, आणि या वेळी जास्त चांगलं जमलं. संध्याकाळी ओट्यावर बायका एकमेकींना ढकलत अभिप्राय द्यायला आल्या. "चौथी गोष्ट खरी हाय." "आमच्या जावंचं पोर गेलं त्याचा आर्थ आज लागला." "लिवणारा आपल्याच गावचा असंल, म्हनून नाव फाडलंय." मी सगळं लिहून घेतलं, त्यांच्याच शब्दांत, एकही शब्द इकडचा तिकडं न करता. ताईनं आतून विचारलं, "काय रं गोष्ट एवढी?" आणि मी तिलाही सांगितली. शेंगा तिच्या मांडीवर तशाच राहिल्या. तिचा हात पोटावर गेला तो मी पाहिला, आणि मला आनंद झाला. खरंच झाला. एवढी भीती मी माझ्या तोंडानं निर्माण करू शकतो, याचा आनंद.

आज मी कुरकुंभच्या एका कंपनीत शिफ्ट इनचार्ज आहे. माझ्या हाताखालची पोरं माझ्या लॉगबुकाला वैतागतात. जे मीटरवर दिसलं तेवढंच लिहायचं, अंदाजानं एक आकडासुद्धा टाकायचा नाही, म्हणून मी त्यांच्यावर ओरडतो. त्यांना वाटतं साहेब कडक आहेत.

वहीत लिहिलेलं असलं की आमच्याकडं ते खरंच असे. पुस्तक न्यायला येणारा माणूस आधी अभिप्राय चाळायचा. गणपत कंडक्टर एकदा वखारीच्या दारात येऊन म्हणालासुद्धा, "अगं, चौथी गोष्ट बोटीची हाय. मी वाचलीया." तर पारूआक्कानं त्यालाच गप्प केलं. "तुज्या वक्ताला ती पानं न्हाई उघडली, गणपा. समद्यांस्नी न्हाई दिसत." ज्यांना वाचता येत होतं ते वखारीत बसत नव्हते, आणि वखारीत बसणाऱ्यांना वाचता येत नव्हतं. माझी गोष्ट त्या दोहोंच्या मधल्या जागेत सुरक्षित होती. रविवारी दादांनी वही वाचली आणि चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. "बायकांना ही चौथी गोष्ट फार लागलेली दिसते." मी म्हणालो, "आवडली त्यांना." ते म्हणाले, "चांगलं आहे. वाचायला लागले लोक." त्यांच्या आवाजातला अभिमान मला अजून ऐकू येतो.

मग अनसामावशीची बोलावणी थांबली. वस्तीत दोन बाळंतपणं झाली, दोन्हींना दुसऱ्या गावची सुईण आणली. वखारीत तिच्या शेजारचं पोतं रिकामं राहायला लागलं. ती आल्यावर बायका बोलणं तोडत. मीही वाचणं बंद केलं, घसा बसलाय म्हणून सांगितलं. एका सकाळी आई नदीवर धुणं घेऊन गेली होती, ताई आत झोपली होती. मावशी ओट्यावर येऊन बसली. थट्टा करायला आली नव्हती. डोक्यावरचा पदर नीट करून म्हणाली, "बापू, ती चवथी गोष्ट मला वाचून दाव."

मी कोनाड्यातून पुस्तक काढलं. पानं उघडली. समोर ती बसलेली असताना मला दुसरं काही बोलता आलं नाही. मी छापलेलं वाचलं, बोट, धुकं, कप्तान, शेवटपर्यंत. ती मन लावून ऐकत होती. मी थांबल्यावर तिनं विचारलं, "झाली?"

"झाली."

"ह्यात मी कुटं हाय?"

"ह्यात नाहीस मावशी."

"मग कशात हाय?"

मी पुस्तकाकडं बघत राहिलो. मला वाटलं आता ओरडेल, आईला सांगेल, दादांना सांगेल. "वही घे," ती म्हणाली. "तुज्या बापाचा नियम हाय न्हवं? लिव. गोष्ट बरी हाय. ह्यात कुणाच्या लेकराचं काय वाईट झालं न्हाई. खाली माजं नाव घाल. आन् उद्या वखारीत समद्यांम्होरं ही गोष्ट आन् ह्ये वाचून दाव. एवढंच कर. दुसरं काय बोलू नगंस." तिनं मला वाट काढून दिली होती. मला कबूल करायचीसुद्धा गरज नव्हती. मी मान हलवली, अभिप्राय लिहिला, अनसा असं नाव घातलं. दुसऱ्या दिवशी मी वखारीत गेलो नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही.

तिसऱ्या दिवशी पहाटे ताईच्या कळा सुरू झाल्या. मोठ्या चुलीवर पाण्याचं भगुलं चढलं, आईनं न्हाणीपुढं पोतं लावलं, शेजारच्या बायका जमल्या. ऊन वर आलं तरी सुटका होईना. पारूआक्कानं ताईच्या पोटावरून हात फिरवला आणि आईला बाजूला घेऊन म्हणाली, "आडवं न्हाई, पर उलटं हाय. पायाळू." आईचा चेहरा उतरला. मला असंच सोडवणारी बाई दहा घरं सोडून राहत होती. आईच्या ओठांवर तिचं नाव आलेलं मी पाहिलं. तेवढ्यात आतून ताई ओरडली, "ती नगं! आई, तुज्या पाया पडते, अनसामावशी नगं! माजं लेकरू निऊ देऊ नगं तिला!"

मी ओट्यावर उभा होतो. बातमी कानावर गेली असावी, कुणीही बोलावलं नसताना मावशी आली. कमरेला डबी होती. आई दारात आडवी उभी राहिली. "अनसा, तू जा. पोरगी भेतीया."

"पाय दिसलं का?" मावशीनं विचारलं.

"तू जा म्हणलं ना."

"आगं, असं ठिवलं तर मान अडकंल त्याची. ह्येला कुणी काडला, इसरलीस व्हय?" तिनं माझ्याकडं बोट केलं. मग माझ्याकडं बघितलं. "सांग तुज्या आईला, बापू. सांग की."

ओट्यावर आठ-दहा बायका होत्या. सगळ्या माझ्याकडं बघायला लागल्या. मला एवढंच म्हणायचं होतं, की मी खोटं वाचलं. तीन शब्द. माझ्या तोंडात जीभ होती, मी श्वास घेत होतो, मला काहीही झालेलं नव्हतं. मी म्हणालो, "आईला काय वाटतं ते आईनं ठरवावं." पुस्तकी वाक्य होतं. मावशीनं डबी कमरेवरून सोडली, ओट्याच्या कडेवर ठेवली आणि गेली. तेल कामाला येईल म्हणून ठेवली असावी. त्या डबीला कुणी हात लावला नाही.

भर दुपारी ताईला बाजेवर घालून नदीवर नेलं. पल्याड गेलं की दौंडच्या दवाखान्यासाठी बैलगाडी मिळणार होती. होडीत आई, पारूआक्का, नावाडी आणि मी. मी ताईच्या तोंडावर छत्री धरली होती आणि पाण्याकडं बघत होतो. नदी उन्हाळ्यात रोडावते, पण त्या दिवशी पल्याडचा काठ जवळ येतच नव्हता. मधल्या धारेत ते पायानं आलं आणि मान अडकली. आईला आणि पारूआक्काला जमेल ते त्यांनी केलं. मला फक्त वल्ह्यांचा आवाज आठवतो, आणि मी दुसऱ्या एका आवाजाची वाट बघत होतो, तो आला नाही. ते रडलं नाही.

ताई वाचली. दवाखान्यात पंधरा दिवस होती. वस्तीत बायका म्हणाल्या, "अनसा नुसती दारात उभी ऱ्हायली, तेवढ्यात रडणं घिऊन गेली." माझंच वाक्य होतं, फक्त पुढं सरकलेलं. पावसाळ्याच्या आधी मावशी मांडवगण फराट्याला भावाच्या वस्तीवर कायमची गेली. दादा रजा काढून आले होते. एका सकाळी त्यांनी पुस्तक आणि वही दोन्ही समोर घेतली. चौथी गोष्ट वाचली. मग बायकांचे अभिप्राय वाचले, आणि सगळ्यांत शेवटी मावशीचा. पुन्हा गोष्ट वाचली. मी भिंतीला टेकून उभा होतो. त्यांनी वही मिटली, पेटीत तळाशी ठेवली आणि पहिल्या पानावरचा नियम त्या दिवसापासून संपला. ज्याला हवं त्यानं पुस्तक न्यावं, परत आणून ठेवावं. मला त्यांनी काही विचारलं नाही. मरेपर्यंत विचारलं नाही. मी चूक कबूल करण्याची वाट ते बघत होते, की मी कबूल करू नये म्हणून ते गप्प होते, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

मावशी मला एकदाच भेटली, नोकरी लागल्यावर, मांडवगणच्या एसटी थांब्यावर. पाठीत वाकली होती. कमरेला काहीच नव्हतं. "सुमी कशीय?" एवढंच तिनं विचारलं. मी म्हणालो, "बरी आहे, मुलगी झाली तिला." "डोक्यानं आली का?" "हो." "ब्येस झालं," ती म्हणाली, आणि माझी गाडी आली. पुढच्या वर्षी ती गेल्याचं कळलं.

मी बनवलेली बाई मात्र गेली नाही. दोन वर्षांपूर्वी कंपनीच्या कॅन्टीनमध्ये नदीकाठच्या गावाचा एक कंत्राटी पोरगा डबा खाता खाता मित्रांना सांगत होता, आमच्या गावात अशी एक सुईण होती, तिच्या कमरेला हिरवी चिंधी असायची. "ती लेकराला काय करत नाय. फक्त त्याचं पहिलं रडणं ओटीत घेते." मी ताट घेऊन उभाच राहिलो. शब्द माझे होते, वाक्याचा ठेका माझा होता. "खरी गोष्ट हाय साहेब," तो मला म्हणाला, "आमची आजी सांगायची, वहीत लिहिलेलं व्हतं." मी त्याला सांगायला तोंड उघडलं. शिफ्टचा भोंगा झाला, पोरं उठली. नंतर मी त्याला शोधून काढून सांगितलं. तो हसला आणि म्हणाला, "तुम्हाला न्हाई म्हाईत साहेब."

पण मी खरा गप्प राहिलो तो ताईपुढं. ती दौंडला असते. दर वर्षी उन्हाळ्यात कधीतरी ती विषय काढायचीच. "मी नगं म्हणलं म्हनून निदान मी तरी वाचले. न्हाईतर तिनं दोघास्नी नेलं असतं." तिच्या दुःखाला टेकायला तेवढी एकच भिंत होती, आणि ती मी बांधलेली होती. ती पाडायचा मला काय अधिकार, असं मी स्वतःला सांगायचो. पण मला भीती ताईची नव्हती, स्वतःची होती, हे मला ठाऊक होतं.

हे प्रकरण लिहून झाल्यावर मी दौंडला गेलो. ताईला म्हणालो, एक वाचून दाखवायचं आहे. ती पाटावर मेथी निवडत बसली होती. मी इथपर्यंतचं सगळं वाचलं, जसं लिहिलंय तसं. कुठंच आवाज खोल नेला नाही. निम्म्यावर तिचे हात थांबले. वाचून झाल्यावर मी वर बघितलं नाही. भाजी तशीच होती. बाहेरून मालगाडी गेली.

मग ताई म्हणाली, "अनसामावशीला म्हाईत व्हतं? तूच क्येलंय म्हनून?"

"हो."

"आन् तरी दारात आली."

मी मान हलवली. तिनं मेथीची एक काडी उचलली, पानं खुडली, खाली टाकली. माझ्याकडं न बघता म्हणाली, "'ते' 'ते' काय लिवलंयस नुसतं? मुलगा व्हता. मला दावला आईनं. काळंभोर जावळ व्हतं त्याला, मानंपतुर. ते कुटंच न्हाई ह्यात."

"मला माहीत नव्हतं, ताई. मी बघितलंच नाही."

"मग आता लिव."

मुलगा होता. त्याला काळंभोर जावळ होतं, मानेपर्यंत.